डायलिसिस मोफत, मग घर कर्जात का?

तालुक्याच्या रुग्णालयात डायलिसिस केंद्र सुरू झालं की दुसऱ्या दिवशी पेपरात फीत कापतानाचा फोटो येतो आणि खाली ‘गरजूंना मोफत सेवा’ अशी ओळ असते. ती ओळ खोटी नसते. सरकारी योजनेतून तिथे डायलिसिसचे पैसे खरोखरच घेत नाहीत. तरीही त्याच तालुक्यात किडनीच्या आजारापायी कुणी दीड एकर गहाण टाकलं, कुणी सोनं मोडलं, कुणाच्या मुलाचं बारावीनंतरचं शिक्षण थांबलं, हे आपण ऐकत असतोच. या दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या कशा असू शकतात, ते नीट समजून घेतलं पाहिजे. मे २०२५ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या सदस्य देशांनी किडनीच्या आरोग्यावर पहिल्यांदाच स्वतंत्र ठराव केला. त्यामागेही हाच प्रश्न होता: या आजाराचा खर्च माणसांना आणि देशांनाही झेपेनासा झाला आहे.

बिघाड आधी का कळत नाही?

आपल्या दोन किडन्या मिळून दिवसाला साधारण १८० लिटर द्रव गाळतात. त्यातला बहुतेक भाग शरीरात परत घेतला जातो आणि उरलेला दीड-दोन लिटर लघवी म्हणून बाहेर पडतो. शिवाय रक्तदाब सांभाळणं, हाडांसाठी ‘ड’ जीवनसत्त्व कामाचं करणं, रक्त तयार होण्यासाठी लागणारं संप्रेरक बनवणं ही कामंही किडनीचीच. म्हणून किडनी बिघडली की नुसती लघवी कमी होत नाही. हिमोग्लोबिन उतरतं, हाडं दुखतात, रक्तदाब आवरत नाही. पुढे बिलात एवढी वेगवेगळी औषधं का दिसतात, त्याचं कारण हे.

किडनी किती काम करते, हे ‘ईजीएफआर’ या आकड्यावरून कळतं. क्रिएटिनिन म्हणजे किडनीने गाळून बाहेर टाकायचा एक टाकाऊ पदार्थ. रक्तात तो किती आहे त्यावरून आणि वय व लिंग पाहून हा आकडा काढतात. धडधाकट तरुण माणसात तो ९० च्या वर असतो. तो तीन महिने किंवा अधिक काळ ६० च्या खाली राहिला, किंवा लघवीतून प्रथिनं जात राहिली, तर त्याला दीर्घकालीन किडनीविकार म्हणतात. डॉक्टर ‘सीकेडी’ म्हणतात, तो हाच. आकडा १५ च्या खाली गेला की शेवटचा, म्हणजे पाचवा टप्पा.

अडचण अशी की किडनीकडे शिल्लक ताकद भरपूर असते. निम्मी क्षमता गेली तरी साध्या तपासणीत क्रिएटिनिन ‘नॉर्मल’ येऊ शकतं. दुखत नाही, खुपत नाही, माणूस शेतात जातो, रिक्षा चालवतो. पायावर सूज, मळमळ, दम ही लक्षणं बहुतेकदा फार उशिरा येतात. कित्येक जणांना आपल्याला किडनीचा आजार आहे हे, रात्री दम लागून दाखल झाल्यावर मानेत नळी घालून पहिलं डायलिसिस होतं, त्याच दिवशी कळतं. पैशांच्या दृष्टीने यापेक्षा वाईट सुरुवात नाही. अतिदक्षता विभागाचं बिल लगेच समोर येतं आणि कोणती योजना, कोणतं रुग्णालय याचा विचार करायला सवडही मिळत नाही.

डायलिसिसमध्ये नेमकं काय होतं?

केंद्रात शिरलं की आधी वजन. मागच्या वेळी जाताना किती होतं आणि आज किती आहे, यावरून अंगात किती पाणी साठलं ते कळतं आणि तेवढं यंत्राने काढायचं ठरतं. मग हातातल्या फिस्टुलात दोन जाड सुया जातात. फिस्टुला म्हणजे छोट्या शस्त्रक्रियेने धमनी आणि शीर जोडून तयार केलेली मोठी वाहिनी. तिच्यावर बोट ठेवलं की थरथर जाणवते. एका सुईतून रक्त बाहेर येतं, बारीक तंतूंच्या जुडग्यातून फिरतं आणि दुसरीतून परत जातं. तंतूंच्या बाहेरून शुद्ध द्रव वाहत असतो. रक्तातली घाण त्या द्रवात उतरते. हे सुमारे चार तास चालतं. शेवटच्या तासात अनेकांच्या पायात गोळे येतात, रक्तदाब उतरतो, डोळ्यांपुढे अंधारी येते.

तो द्रव मिनिटाला साधारण अर्धा लिटर या वेगाने वाहतो. चार तासांत एका माणसासाठी १२० लिटर झालं. दहा यंत्रं तीन पाळ्यांत चालवली तर रोज ३,६०० लिटर अतिशुद्ध पाणी लागतं, आणि ते बनवताना वाया जाणारं पाणी धरलं तर टाकीत येणारं पाणी त्याहून बरंच जास्त हवं. दुष्काळी पट्ट्यातल्या तालुक्यात केंद्र उभारणं म्हणजे फक्त यंत्रं आणून ठेवणं नव्हे, हे इथे लक्षात येतं. पाणी, वीज, तंत्रज्ञ आणि लक्ष ठेवायला किडनीतज्ज्ञ यातलं काहीही एक कमी पडलं की फीत कापलेलं केंद्र आठवड्यातले दोन दिवस बंद राहतं आणि रुग्णाला पुन्हा जिल्ह्याची बस धरावी लागते.

डायलिसिसने किडनी बरी होत नाही. सावकाराचं व्याज दर महिन्याला भरत राहावं आणि मुद्दल जशीच्या तशी राहावी, तसं हे आहे. सोमवारी साफ केलेलं रक्त बुधवारपर्यंत पुन्हा तिथेच येतं. हा खर्च ठरावीक मुदतीचा नसून आयुष्यभराचा असतो, म्हणूनच तो इतर आजारांच्या खर्चापेक्षा वेगळा पडतो. अपेंडिक्सच्या शस्त्रक्रियेला माणूस एकदा उसने पैसे घेतो आणि वर्षभरात फेडतो. इथे फेडायला सुरुवात करायची वेळच येत नाही.

‘मोफत’मध्ये काय येतं आणि काय राहून जातं

२९ फेब्रुवारी २०१६ च्या अर्थसंकल्पी भाषणात तेव्हाचे अर्थमंत्री अरुण जेटली यांनी राष्ट्रीय डायलिसिस कार्यक्रमाची घोषणा केली. त्यांनी दिलेले आकडे असे: देशात दरवर्षी किडनी पूर्ण निकामी झालेल्या सुमारे २.२ लाख नव्या रुग्णांची भर पडते, त्यासाठी ३.४ कोटी डायलिसिस वाढीव लागतात, केंद्रं सुमारे ४,९५० आणि तीही मुख्यतः खासगी व मोठ्या शहरांत, एका वेळचा खर्च सुमारे २,००० रुपये, म्हणजे वर्षाला तीन लाखांच्या वर. लांबचा प्रवास आणि बुडणारी मजुरी यांचा उल्लेखही त्याच भाषणात होता. त्यानंतर जिल्हा आणि उपजिल्हा रुग्णालयांत केंद्रं वाढली, दारिद्र्यरेषेखालच्यांना मोफत सेवा मिळू लागली. महाराष्ट्रात महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेतही डायलिसिस आहे. हे काम मोठं आहे आणि त्याने असंख्य माणसं जगली आहेत. पण प्रवास आणि मजुरी हा मुद्दा भाषणातून बाहेर पडून योजनेत पुरेसा आलाच नाही.

हिशोब मांडून पाहू. आकडे समजण्यापुरते धरलेले आहेत, तुमच्या भागात थोडे इकडेतिकडे होतील. समजा, ४८ वर्षांचा माणूस, टेम्पोवर ड्रायव्हर, महिना १२,००० रुपये कमावणारा. गाव जिल्ह्याच्या ठिकाणापासून ५० किलोमीटर. आठवड्याला तीन डायलिसिस, महिन्याला १२. डायलिसिसचं बिल शून्य.

सोबत बायको जाते, कारण परत येताना त्याला एकट्याला बसमध्ये चढवत नाही. त्याला एसटीची सवलत आहे, तिला तिकीट लागतं. जाऊन-येऊन १५० धरले तर महिन्याचे १,८००. बारापैकी चार वेळा तरी अंगात त्राण नसतं किंवा शेवटची गाडी चुकते, मग खासगी गाडी, एका वेळेचे हजार म्हणजे ४,०००. दोघांचा चहा-नाश्ता-जेवण दिवसाला १०० म्हणजे १,२००. हिमोग्लोबिन टिकवायची इंजेक्शनं, लोहाची इंजेक्शनं, रक्तदाबाच्या गोळ्या, फॉस्फरस आवरायच्या गोळ्या मिळून ५,०००. तपासण्या १,०००. खिशातून गेले १३,०००. आता बुडालेलं उत्पन्न. बायको रोजंदारीवर ४०० रुपयांनी जात होती, तिचे बारा दिवस गेले म्हणजे ४,८००. त्याची ड्रायव्हरची नोकरी तर पहिल्याच महिन्यात सुटली. आठवड्यातले तीन दिवस गैरहजर राहणाऱ्याला कोण ठेवणार? ते १२,०००. एकूण २९,८००, म्हणजे वर्षाला साडेतीन लाखांच्या वर.

डायलिसिस फुकट धरूनही हा आकडा येतो, आणि त्यातला निम्म्याहून जास्त भाग कुठल्याही बिलावर छापलेला नसतो. बुडालेल्या मजुरीची पावती मिळत नाही, म्हणून ती कुठल्या योजनेत मागताही येत नाही.

सगळ्यांत आधी काटछाट कुठे होते, तर इंजेक्शनांत. ती सरकारी साठ्यात असली तर मिळतात, नसली तर बाहेरून आणायची. नाही आणली की हिमोग्लोबिन उतरतं आणि मग रक्त चढवावं लागतं. वारंवार रक्त चढलं की शरीरात परक्या पेशींविरुद्ध प्रतिपिंडं तयार होतात आणि पुढे प्रत्यारोपणासाठी जुळणारी किडनी मिळणं अवघड होतं. आज वाचवलेले हजार-दोन हजार असे पुढच्या मोठ्या वाटेवर आडवे येतात.

‘आठवड्यातून दोनदाच केलं तर?’

हा प्रश्न फार लोक विचारतात, आणि पैशांपायी आपल्याकडे कितीतरी रुग्ण दोनदाच करतात. किडनीचं थोडं काम शिल्लक असेल, लघवी बऱ्यापैकी होत असेल, तर डॉक्टर स्वतःही काही काळ दोनदा पुरेल असं सांगतात. पण लघवी जवळजवळ थांबलेली असताना तिसरं डायलिसिस टाळलं तर पाणी फुफ्फुसांत साठतं, पोटॅशियम वाढून हृदयाचे ठोके बिघडतात. मग रात्री रुग्णवाहिका, ऑक्सिजन, दोन दिवस अतिदक्षता विभाग. वाचवलेल्या चार फेऱ्यांचे पैसे एका रात्रीत जातात, आणि जीवही जाऊ शकतो. किती वेळा करायचं हे खिसा पाहून ठरवण्याआधी डॉक्टरांना स्पष्ट विचारा: माझी किती लघवी शिल्लक आहे आणि मला खरंच किती लागतात?

‘त्यापेक्षा प्रत्यारोपण करून टाकावं’

वैद्यकीयदृष्ट्या शक्य असेल त्याच्यासाठी हाच उत्तम मार्ग आहे. माणूस जास्त जगतो, कामावर परत जातो, आणि पहिल्या वर्षाचा मोठा खर्च सोडला तर पुढे डायलिसिसपेक्षा स्वस्तही पडतं. फुले योजनेत एरवीचं वार्षिक संरक्षण २०२३ च्या निर्णयाने दीड लाखावरून पाच लाख झालं आणि किडनी प्रत्यारोपणासाठीची मर्यादा अडीच लाखांवरून साडेचार लाख. योजना आता शिधापत्रिकेचा रंग न पाहता राज्यातल्या सर्व कुटुंबांसाठी आहे. मुख्यमंत्री सहायता निधीतूनही मदत मिळते.

पण शस्त्रक्रियेचं बिल भागलं म्हणजे खर्च संपला असं होत नाही. नवी किडनी शरीराने नाकारू नये म्हणून टॅक्रोलिमस, मायकोफेनोलेट यांसारख्या गोळ्या रोज, किडनी चालते तोवर घ्याव्या लागतात. महिन्याचे काही हजार रुपये कायमचे धरा. पैसे नाहीत म्हणून पंधरा दिवस गोळ्या बंद केल्या आणि आईने दिलेली किडनी गेली, असं घडतं. मला या सगळ्या विषयात याहून जास्त चटका लावणारं दुसरं काही वाटत नाही, कारण ते पूर्णपणे टाळता येण्यासारखं आहे.

किडनी द्यायची कोणी, हा दुसरा प्रश्न. १९९४ च्या अवयव प्रत्यारोपण कायद्यानुसार आणि त्यातल्या २०११ च्या दुरुस्तीनुसार आई-वडील, भावंडं, मुलं, पती-पत्नी, आजी-आजोबा आणि नातवंडं हे जवळचे नातेवाईक धरले जातात. बाकी कुणी द्यायची तर विशेष मंजुरी लागते. रक्तगट जुळत नसेल तर दोन कुटुंबांमध्ये अदलाबदलही कायद्यात बसते. भारतात जिवंत दात्यांमध्ये बायका फार मोठ्या संख्येने आहेत, आणि किडनी मिळणाऱ्यांमध्ये पुरुष. बायको देते, आई देते. तिलाही शस्त्रक्रियेनंतर काही आठवडे जड काम करता येत नाही, तिचीही मजुरी बुडते. ती कुणाच्याच हिशोबात नसते.

मेंदूमृत व्यक्तीकडून मिळणाऱ्या अवयवांसाठी महाराष्ट्रात मुंबई, पुणे, नागपूर आणि छत्रपती संभाजीनगर इथे विभागीय समन्वय केंद्रं आहेत. नाव तिथे रुग्णालयामार्फत नोंदवलं जातं. प्रतीक्षा लांब आहे, म्हणून नाव लवकर नोंदवणं महत्त्वाचं.

घरच्या घरी होणारं डायलिसिस

याला आपल्याकडे ‘सीएपीडी’ किंवा ‘पोटाचं डायलिसिस’ म्हणतात. पोटात कायमची एक मऊ नळी बसवतात. त्यातून साधारण दोन लिटर द्रव आत सोडायचा, काही तास ठेवायचा आणि काढून टाकायचा, असं दिवसातून तीन-चार वेळा. पोटातलं पातळ आवरणच गाळणीचं काम करतं. यंत्र नको, वीज नको, आठवड्याला तीनदा जिल्ह्याला जायला नको. वरच्या हिशोबातला प्रवास आणि बायकोची मजुरी यात जवळजवळ पूर्ण वाचतात.

थायलंडने २००८ मध्ये सर्वांसाठीच्या आरोग्य योजनेत हीच पद्धत पहिली दिली, कारण खेड्यापाड्यात यंत्रं आणि तज्ज्ञ पोचवणं जमणार नव्हतं. द्रवाच्या पिशव्या मात्र घरपोच पोचवता येत होत्या. आपल्या राष्ट्रीय कार्यक्रमातही २०१९ पासून या पद्धतीसाठी मार्गदर्शक सूचना आहेत, पण ती अजून फार थोड्यांपर्यंत गेली आहे. पिशव्यांचा खर्च मोठा आहे आणि हात स्वच्छ न धुता नळी हाताळली तर पोटात जंतुसंसर्ग होतो, ही खरी भीती आहे. घरात एक स्वच्छ कोपरा, शिकून घेणारं एक माणूस आणि नियमित पुरवठा एवढं जमलं तर डोंगराळ भागातल्या, रस्ता तुटक असलेल्या गावांसाठी हा पर्याय मला तरी सगळ्यांत सयुक्तिक वाटतो. डॉक्टरांनी स्वतःहून विषय काढला नाही तर तुम्ही काढा.

‘आमचा मेडिक्लेम आहे’

असेल तर उत्तम, पण पॉलिसी आजाराच्या आधीची हवी. आधीपासून असलेल्या आजारासाठी कंपनी जास्तीत जास्त तीन वर्षं थांबायला लावू शकते, असा २०२४ पासूनचा नियम आहे. निदान झाल्यावर नवी पॉलिसी मिळणं मात्र कठीणच. आणि विमा रुग्णालयाच्या बिलाला असतो, बुडालेल्या पगाराला नाही. दिव्यांग हक्क कायदा २०१६ मधल्या २१ प्रकारांत किडनीविकार नाही, त्यामुळे तिथल्या सवलतीही लागू होत नाहीत.

श्रीमंत देशांना तरी झेपतं का?

अमेरिकेने १९७२ मध्ये कायदा करून किडनी निकामी झालेल्या जवळपास प्रत्येकाचा खर्च सरकारी मेडिकेअर योजनेत घेतला, वय काहीही असो. गेल्या दशकातलं चित्र असं होतं की हे रुग्ण मेडिकेअरच्या लाभार्थ्यांत जेमतेम एक टक्का, पण खर्चात वाटा सुमारे सात टक्के. ज्या देशाकडे पैसा आहे त्यालाही शेवटच्या टप्प्यावर उपचार करत राहणं जड जातं. २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या पाहणीनुसार आपल्याकडे मधुमेह असलेले लोक सुमारे १०.१ कोटी आहेत, आणि किडनी निकामी होण्याचं सगळ्यांत मोठं कारण मधुमेहच. त्यांतल्या थोड्या टक्क्यांनाही डायलिसिस लागलं तर कितीही केंद्रं उघडली तरी पुरणार नाहीत.

स्वस्त टप्पा कोणता?

पुन्हा हिशोबच करू. एका ४५ वर्षांच्या मधुमेही माणसाचा ईजीएफआर आज ४५ आहे. उपचार नीट नसतील आणि तो वर्षाला ४ ने उतरत गेला, तर १० पर्यंत यायला साधारण नऊ वर्षं, म्हणजे ५४ व्या वर्षी डायलिसिस. मुलांची शिक्षणं अर्धवट, घराचे हप्ते चालू. घसरण वर्षाला २ वर आणता आली तर तोच टप्पा साडेसतरा वर्षांनी, बासष्टीत येतो. मधल्या साडेआठ वर्षांत त्याने कमावलेलं राहतं आणि वर्षाचे ते साडेतीन लाखही वाचतात.

घसरण मंदावते का? हो. रक्तदाब आणि साखर आटोक्यात ठेवणं हा पाया. त्यावर टेल्मिसार्टन, रामिप्रिल यांसारखी जुनी, स्वस्त औषधं लघवीतून जाणारी प्रथिनं कमी करतात. आणि गेल्या काही वर्षांत डापाग्लिफ्लोझिनसारख्या गोळ्या आल्या. २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या आंतरराष्ट्रीय चाचणीत या गोळीने किडनी झपाट्याने खालावणं, निकामी होणं आणि किडनी किंवा हृदयाच्या आजाराने मृत्यू होणं यांचं एकत्रित प्रमाण ३९ टक्क्यांनी कमी झालं, मधुमेह नसलेल्यांतसुद्धा फायदा दिसला. त्याच वर्षी भारतात तिचं पेटंट संपलं आणि अनेक कंपन्यांच्या स्वस्त गोळ्या बाजारात आल्या. जगातलं इतकं परिणामकारक औषध आपल्या आवाक्यात आहे, आणि ज्याला हवं त्याला आपल्याला आजार आहे हेच ठाऊक नाही.

‘तपासण्या म्हणजे लॅबवाल्यांचा धंदा’

सरसकट सगळ्यांनी महागडी पॅकेजं करावीत असं कुणी म्हणत नाही. मधुमेह, उच्च रक्तदाब, घरात किडनीविकार, वारंवार मुतखडे, वर्षानुवर्षं वेदनाशामक गोळ्या किंवा उन्हातान्हात कमी पाण्यावर जड काम, यांपैकी काही असेल तर वर्षातून एकदा दोनच तपासण्या पुरेत: रक्तातलं क्रिएटिनिन आणि लघवीतलं अल्ब्युमिन हे प्रथिन. दुसरी जास्त महत्त्वाची आणि जास्त विसरली जाणारी आहे, कारण मधुमेहात क्रिएटिनिन वाढायच्या कितीतरी आधी लघवीतून प्रथिनं जायला लागतात. सरकारी आरोग्य केंद्रांत तिशीपुढच्यांचा रक्तदाब आणि साखर तपासायचा कार्यक्रम आहेच. त्याच रांगेत लघवीची पट्टी नेमाने वापरली गेली तर वेगळी यंत्रणा लागणार नाही.

‘गोळ्यांनीच किडनी जाते म्हणे’

हा समज घरोघरी आहे आणि त्याची किंमत फार मोठी आहे. साखरेच्या, रक्तदाबाच्या गोळ्या चालू असतात, काही वर्षांनी किडनी बिघडते, आणि नातेवाईक म्हणतात, ‘बघ, इतकी औषधं खाल्लीस!’ प्रत्यक्षात किडनी बिघडवते ती न आवरलेली साखर आणि न आवरलेला दाब. टेल्मिसार्टनसारखं औषध सुरू केल्यावर क्रिएटिनिन थोडं वर जातं, ते अपेक्षितच असतं. डॉक्टर दोन-तीन आठवड्यांनी तपासून घेतात. तेवढं पाहून घाबरून गोळी बंद करणारे बरेच आहेत. किडनीचं काम कमी झाल्यावर साखरेच्या मेटफॉर्मिनसारख्या काही औषधांचा डोस कमी करावा लागतो किंवा ती थांबवावी लागतात, हेही खरं. पण तो बदल डॉक्टरांनी करायचा.

किडनीला खरंच घातक ठरतात त्या दुकानातून सहज मिळणाऱ्या वेदनाशामक गोळ्या: डायक्लोफेनॅक, आयबुप्रोफेन, अ‍ॅसिक्लोफेनॅक. गुडघे दुखतात म्हणून रोज एक, अशी दहा वर्षं घेणारी माणसं प्रत्येक गावात आहेत. दुसरा धोका ‘डायलिसिस बंद करून दाखवतो’ म्हणणाऱ्यांच्या पुड्यांचा. आत काय आहे ते लिहिलेलं नसतं, आणि अशा पुड्यांत पारा-शिशासारखे धातू सापडलेले आहेत. लोक तिकडे मूर्खपणाने जातात असं मी मानत नाही. आयुष्यभर संपणार नाही असा खर्च समोर दिसतो आणि कुणीतरी तीन महिन्यांत संपेल असं सांगतो. त्या आशेपोटी वीस-तीस हजार जातात आणि उरलेली किडनीही.

सरकारकडून आणखी काय हवं?

आंध्र प्रदेशात डायलिसिसवर असलेल्या रुग्णांना दरमहा १०,००० रुपये निवृत्तिवेतन मिळतं. त्या राज्यातल्या श्रीकाकुलम जिल्ह्यातल्या उद्दानम भागात कारण न उलगडलेल्या किडनीविकाराने गावंच्या गावं पोखरली, त्यामुळे तिथे हा प्रश्न राजकारणाच्या मध्यभागी आला. उपचार फुकट असले तरी घर चालवायला पैसे लागतात, हे तिथे मान्य झालं. आपल्याकडेही क्षयरुग्णाला पोषणासाठी महिन्याला १,००० रुपये थेट खात्यात मिळतात. मग डायलिसिसच्या रुग्णाला आणि त्याच्या सोबत्याला प्रवासभत्ता देणं अशक्य का असावं? माझ्या मते महाराष्ट्रात पुढची मागणी हीच असायला हवी: केंद्रात हिमोग्लोबिनची इंजेक्शनं कायम उपलब्ध, प्रत्यारोपणानंतरच्या गोळ्या आयुष्यभर मोफत, आणि सोबत्याच्या मजुरीचा विचार.

क्रिएटिनिन वाढलेलं आजच कळलं असेल तर

घाबरून पहिल्याच आठवड्यात शेत विकू नका. आधी किडनीतज्ज्ञाला एकदा दाखवून टप्पा कोणता ते लिहून घ्या. फुले योजनेच्या रुग्णालयात रुग्णांना योजनेसाठी मदत करणारा आरोग्यमित्र बसतो, शिधापत्रिका आणि आधार घेऊन त्याला भेटा. योजनेबाहेरचं धर्मादाय रुग्णालय असेल तर तिथे १० टक्के खाटा निर्धनांसाठी मोफत आणि १० टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीच्या दरात राखीव असतात. उत्पन्नाचा दाखला तहसीलमधून आधीच काढून ठेवा. नोकरी असेल आणि जुन्या करप्रणालीत असाल तर या उपचारावर ४० हजारांपर्यंत, ज्येष्ठांना एक लाखापर्यंत वजावट मिळते.

चौथ्या टप्प्यात, म्हणजे ईजीएफआर १५ ते २९ च्या दरम्यान, असाल तर तीन गोष्टी डायलिसिसच्या आधी करून घ्या. हिपॅटायटिस बीची लस. घरात दाता असेल तर त्याच्या तपासण्या, कारण डायलिसिस सुरू व्हायच्या आधीही प्रत्यारोपण होऊ शकतं. आणि फिस्टुला, ज्याला तयार व्हायला सहा-आठ आठवडे किंवा जास्त लागतात. तो वेळेत झाला की मानेतली नळी, तिचा जंतुसंसर्ग आणि त्यापायी होणारी भरती हे सगळं बहुतेक वेळा टळतं. ज्या हातावर फिस्टुला करायचा आहे, सहसा डावा, त्या हातातून यापुढे रक्त काढू देऊ नका आणि सलाइन लावू देऊ नका. परिचारिका घाईत असली तरी तिला सांगा.